डाव्या बाजूचा श्रोता

१

‘प्रयागबाई या स्त्री आहेत. ओळ १४७ मध्ये त्या स्वतःसाठी पुल्लिंगी क्रियापद वापरतात. पुन्हा ऐकून खात्री करावी.’

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या समासात माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पेन्सिलीने एवढेच लिहिले होते. वाचताना मला प्रथम स्वतःचाच राग आला. लिप्यंतरात अशी चूक मी करत नाही.

माझा विषय वऱ्हाडीतील अपूर्ण क्रियापदांचा आहे. ‘तो येऊन राह्यला’ हे वाक्य पुण्यात कोणी ऐकले तर त्याला वाटते की तो आला आणि मुक्कामाला राहिला. आमच्या वाशीम जिल्ह्यात त्याचा अर्थ एवढाच की तो येत आहे, वाटेत आहे, अजून पोहोचलेला नाही. रिसोड, केनवड आणि मानोरा या भागांतून मी अशी दोनशेहून अधिक वाक्ये जमवली आहेत. प्रत्येकाची तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे वय माझ्याकडे नोंदलेले आहे.

लिप्यंतराची माझी पद्धत ठरलेली आहे. सकाळी नऊ ते अकरा, वसतिगृहाच्या खोलीत, दार लावून. कानात तारेचा साधा इअरफोन, त्याचे फक्त उजवे टोक. डावे टोक छातीवर लोंबत असते. ही जुनी सवय आहे, तिचे कारण पुढे सांगतो. मुलाखती मी एकाच मायक्रोफोनच्या रेकॉर्डरवर घेतो. त्यामुळे दोन्ही टोकांत आवाज एकच येतो आणि एका कानाने ऐकल्यास काहीही निसटत नाही.

प्रयागबाई मानोऱ्याच्या. वय अडुसष्ट. ओळ १४६ मध्ये त्या कुरडयांसाठी गव्हाचा चीक कसा शिजवतात ते सांगत होत्या. ओळ १४८ मध्ये त्या जाळ कमी करण्याविषयी बोलत होत्या. मधली ओळ माझ्या हातून अशी टंकली गेली होती:

‘थांब ना मास्तर, येऊन राह्यलो.’

प्रयागबाईंनी ‘राह्यली’ म्हटले असते. शिवाय त्या मला ‘बापू’ म्हणत होत्या. मास्तर मला आयुष्यात एकाच माणसाने म्हटले आहे.

मी ध्वनिफीत लावली. उजव्या कानात चीक, जाळ आणि मधे दोन सेकंदांची शांतता ऐकू आली. आतल्या घरात कोणीतरी भांडे ठेवले, एवढेच. तीन वेळा ऐकले. मग डावे टोक उचलून डाव्या कानात घातले.

ते वाक्य तिथे होते. प्रयागबाईंच्या आवाजाहून हळू, पण स्वच्छ. तरुण पुरुषाचा आवाज, घाईने चालत असल्यासारखा.

एकाच मायक्रोफोनवर मुद्रित झालेला आवाज फक्त डावीकडे असू शकत नाही, हे मला माहीत आहे. त्याहून मला दुसरी गोष्ट खटकली. लिप्यंतर मी उजव्या कानाने केले होते. मग ती ओळ मी कोणत्या कानाने ऐकून लिहिली?

२

जुनैद आणि मी केनवडचे. अकरावी-बारावीला आम्ही एसटीने रिसोडला जायचो. आमच्या दोघांत इअरफोन एक होता, तो त्याचा. डावे टोक त्याचे, उजवे माझे. त्याने ही वाटणी पहिल्याच दिवशी केली आणि पुढे बदलू दिली नाही.

“त्याच्यावर एल लिहेल आहे ना? मंग ते डाव्याच कानात जाईन. तू अभ्यासाचा माणूस, अन् तुले हे कायले सांगा लागते मास्तर?”

तो डावीकडे, खिडकीशी बसायचा. त्यामुळे त्याचे टोक लांबच्या कानात आणि माझे दुसऱ्या बाजूच्या लांबच्या कानात. तार पुरत नसे. डोक्याला डोके लावून बसावे लागे आणि खड्डा आला की कपाळे आपटत. कंडक्टर हसायचे. जवळचे कान वापरले असते तर प्रश्न मिटला असता, पण त्याला ते मंजूर नव्हते.

आमचा जीव रॉकवर होता. त्यातही अमरावतीच्या ‘पडीक’ या बँडवर. ‘लोखंडी पूल’ नावाचा आणखी एक बँड आम्ही ऐकायचो. त्यांचा ड्रमवाला गोविंदसिंग हा माझ्या मते त्या काळातला सर्वांत शिस्तशीर वादक होता. जुनैदला तो ‘वरातीत चालन’, म्हणजे वरातीपुरता ठीक, एवढाच वाटे. त्याच्यासाठी ‘पडीक’चा गिटारवाला जगदेव हाच शेवटचा शब्द होता. ऐकण्याचे नियमही त्यानेच केले होते. अल्बम पहिल्या गाण्यापासून लावायचा. मधले गाणे ओलांडायचे नाही. ऐकताना बोलायचे नाही. बोलायचे ते उतरल्यावर, स्टँडपासून कॉलेजपर्यंत.

‘पडीक’च्या मुद्रणात जगदेवची गिटार जवळजवळ पूर्ण डावीकडे असते. म्हणजे ती जुनैदच्या वाट्याला आली. माझ्या वाट्याला शब्द, ड्रम आणि दुसरी, साधी गिटार. ज्या सोलोंसाठी लोक त्या बँडला ओळखतात, ते मला दोन वर्षे फक्त जुनैदच्या तोंडून माहीत होते. रस्त्याने चालता चालता तो ते नाकातून वाजवून दाखवायचा.

“असं होतं पाह्य तिकडं. तुले काय आलं?”

मी माझ्या बाजूचे सांगायचो. दोन्ही जुळवून गाणे पुरे व्हायचे.

पुण्यात आल्यावर मी पहिल्यांदा चांगले हेडफोन घेतले आणि दोन्ही कानांनी ती गाणी ऐकली. जगदेवची गिटार मला जुनैदच्या नाकातल्या गिटारीपेक्षा उणी वाटली. हे मी कोणाला सांगितले नाही. दोन-तीन महिन्यांत मी पुन्हा तारेच्या इअरफोनकडे आणि एका टोकाकडे वळलो.

भाषेच्या बाबतीत मात्र मी उलट वागलो. पहिल्या सत्रातच मी ‘मले’ आणि ‘तुले’ टाकून दिले. वर्गात कोणी हसले नव्हते. कोणी हसेल, एवढी शक्यता मला पुरेशी होती. पुढे तीच बोली मी प्रबंधासाठी निवडली. तिच्यापासून मी अंतर राखले आहे, हे कामाला सोयीचेच ठरले.

३

‘पडीक’चा कार्यक्रम अकोल्याला होणार, ही बातमी दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आली. जुनैदचा फोन पाच मिनिटांत आला.

आमचे जुने ठरलेले होते. पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकू तेव्हा मंचासमोर डाव्या बाजूच्या स्पीकरच्या डब्ब्यांपाशी उभे राहायचे, म्हणजे जगदेवची गिटार एकदा तरी माझ्या कानावर पडेल. हा माझ्यासाठी केलेला बेत होता.

मी त्याला सांगितले की माझी परीक्षा आहे. परीक्षा नव्हती. वर्गातले आम्ही सहा जण अकोल्याला जाणार होतो. त्यांच्यात जुनैदला कसे बसवायचे, हे मला सुचत नव्हते. तो मोठ्याने बोलतो. तो कोणालाही पहिल्या वाक्यात ‘अबे’ म्हणतो.

तो एकटा आला. तिसरे गाणे संपले, चौथे सुरू व्हायचे होते, मैदानात थोडी शांतता झाली आणि डावीकडून आवाज आला, “अबे मास्तर!”

मी पाहिले. डब्ब्यांच्या भिंतीला जवळजवळ टेकून तो उभा होता. हात वर केलेला. अंगातला काळा टीशर्ट त्याने रिसोडच्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतला होता आणि त्यावर बँडचे नाव ऱ्हस्व लिहिले होते, ‘पडिक’. मला आधी ती वेलांटी दिसली, मग त्याचा चेहरा. हा क्रम मला आजही आठवतो आणि तो मला माझ्याविषयी पुरेसे सांगतो.

मी मान वळवली. दिव्यांच्या नियंत्रणासाठी उभारलेल्या तंबूमागे गेलो. उरलेला कार्यक्रम तिथून ऐकला. तिथून मंच दिसत नव्हता.

त्यानंतर त्याचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. तिसरा आला नाही.

४

अकोल्याच्या कार्यक्रमाचे मुद्रण बँडने पुढे सर्वांसाठी खुले केले. मी ते कधी उघडले नव्हते. प्रयागबाईंच्या ओळीनंतर उघडले.

बारा मिनिटे चाळीस सेकंदांवर, डावीकडे, “अबे मास्तर.”

हे समजण्यासारखे होते. तो डब्ब्यांजवळ होता, प्रेक्षकांचा आवाज टिपणारा मायक्रोफोनही तिथेच असणार. मला खरोखर बरे वाटले. प्रयागबाईंच्या फितीतल्या आवाजाचेही असेच काही साधे कारण निघेल, असे मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी तीच जागा ऐकली. “अबे मास्तर. थांब ना.” मैदानात त्याने ‘थांब ना’ म्हटल्याचे मला आठवत नव्हते. स्मरण अपुरे असते, अशी नोंद केली. तिसऱ्या दिवशी वाक्य पूर्ण झाले. चौथ्या दिवशी ते बारा बावन्नला आले, चौथ्या गाण्याच्या सुरुवातीवर. आठवड्याने ते पाचव्या गाण्यात होते. मी वहीत तारीख, वेळ आणि उपकरण लिहीत गेलो. दुसऱ्या फोनवर तेच. वसतिगृहाच्या संगणकावर तेच. उच्चार मोजण्यासाठी आम्ही जे सॉफ्टवेअर वापरतो, त्यात तो भाग टाकला. डाव्या बाजूच्या आलेखात त्या जागी प्रेक्षकांची सपाट गजबज होती, दुसरे काही नव्हते. तो सपाट आलेख समोर पाहत असताना डाव्या कानात मला त्याची धाप ऐकू येत होती.

थकवा, अपराधाची भावना, सूचनेचा परिणाम. ही तीन कारणे मी क्रमाने लिहून काढली. तिन्ही माझ्या डोक्यातली होती, म्हणून बाहेरचा कान आवश्यक होता. मी वैभवीला बोलावले. ती माझ्या वर्गातली, अकोल्यालाही बरोबर होती.

ग्रंथालयाबाहेरच्या कट्ट्यावर भर दुपारी मी तिला डावे टोक दिले. तिने पूर्ण गाणे ऐकले.

“गिटार भारी आहे,” ती म्हणाली.

“आणखी काही?”

“आणखी काय असायला हवं?”

“कोणी बोलतंय?”

“नाही. तू झोपतोस ना नीट?” तिने टोक काढले आणि बोटांत धरून पाहिले. “हे आधी कोण ऐकत होतं?”

“कोणीच नाही. मी डावं टोक वापरत नाही.”

“मग मी कानात घातलं तेव्हाच गरम कसं होतं?”

मी ते हातात घेतले. ते उन्हात ठेवलेल्या वस्तूसारखे गरम नव्हते. बराच वेळ कोणाच्या तरी कानात असल्यावर होते, तेवढेच कोमट होते. रबरावर किंचित ओल होती.

“तुमच्या भागात उन्हाळा फार असतो म्हणे. तिथून घेऊन आलास वाटतं,” असे काहीसे म्हणून ती हसली आणि हात पुसत आत गेली.

त्या दुपारी मी ठरवले की जुनैदला भेटायचे. आवाजाविषयी त्याला काही विचारायचे नव्हते, एकच वाक्य सांगायचे होते: मी तिथे होतो आणि मी तुला पाहिले होते. ते सांगितले की हे थांबेल, असा तर्क मी केला. तो तर्क होता की सौदा, हे तेव्हा तपासले नाही.

५

रिसोडच्या स्टँडपासून जवळच त्याच्या वडिलांचे साउंडचे दुकान आहे. मुनाफचाचा आता बसत नाहीत, जुनैद बसतो. मी गेलो तेव्हा तो एका डब्ब्याची जाळी उघडून आत हात घालून बसला होता. मी डावीकडच्या दाराने आत शिरलो आणि हाक मारली. त्याने वर पाहिले नाही. दोनदा मारली.

मागच्या खुर्चीत त्याची आई, सकीनाचाची, भाजी निवडत होत्या.

“उस बाजू से मत बोल बेटा,” त्या म्हणाल्या. “इधर से आ. उस कान से उसको सुनाई नै देता.” मग त्यांनी मला ओळखले. “अश्वजित है क्या रे? कित्ता दुबला हो गया. पूना में खाना नै देते क्या?”

मी उजवीकडे गेलो. जुनैदने हात पुसले, उठला, खुर्ची पुढे केली.

“या सर.”

“सर काय? मी आहे.”

“हां, तुमीच. बसा ना. अम्मी, चाय सांगा सरले.”

लहानपणापासून ज्याने मला ‘अबे’शिवाय हाक मारली नाही, तो ‘तुमी’ म्हणत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलतात तसा तो नीट बोलत होता.

“कान कधीपासून?” मी विचारले.

“दोन वर्सं झाले. अकोल्याचा प्रोग्राम झाला ना, त्याच्यापासून. आधी नुसती शिटी वाजे. मंग शिटी बी बंद झाली. डाक्टर म्हणे नस गेली.”

“डब्ब्यांच्या इतक्या जवळ उभा कशाला राहिलास?”

“ठरलं होतं ना तिथं उभं राह्याचं.” तो जाळीचा स्क्रू फिरवत राहिला. “मी साउंडवाल्याचा पोरगा. मले काय समजत नाही का, कुठं उभं राहा लागते? लोकं हासतात. म्हणतात, हलवाई गुलाबजामच्या पाकात बुडाला.”

“मग सरकायचं होतं मागे.”

“मले एक माणूस दिसला. सेम तुमच्यावानी. म्हटलं मास्तरची परीक्षा चुकली वाटते. आवाज देल्ला. तो काही वळला नाही. मंग म्हटलं आपल्याले भास झाला असन. पण मन मानेना. म्हटलं हा खरंच मास्तर असन अन् मले हुडकत असन, तर कुठं हुडकन? इथंच. म्हणून हाललोच नाही. पुरा प्रोग्राम होईलोक.”

सकीनाचाची भाजी निवडायच्या थांबल्या होत्या.

“आता लग्नाच्या ऑर्डरीत डावा-उजवा मले जमत नाही,” तो म्हणाला. “कोणत्या डब्ब्याचा आवाज फाटून राह्यला, तेच समजत नाही. राजू म्हणून एक गडी ठेवला, तो सांगते. अब्बा म्हणतात, आंधळ्यानं चष्म्याचं दुकान टाकलं.”

तो हसला. मी हसलो नाही. हसायला हवे होते का, हे मला ठरवता आले नाही.

मग त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले.

“एक विचारू का सर? तुमी होते काय तिथं?”

इतका सोपा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. उत्तर माझ्याजवळ तयार होते. त्यासाठीच मी पंधरा तासांचा प्रवास केला होता. पण समोर तो बंद झालेला कान होता आणि त्या कानाची किंमत माझ्या उत्तरावर अवलंबून होती. मी नव्हतो असे ठरले, तर तो एका भासापायी बहिरा झाला. ते सोसता येण्यासारखे होते. निदान त्याला दोन वर्षे सोसता आले होते.

“नाही,” मी म्हणालो. “माझी परीक्षा होती.”

“हां,” तो म्हणाला. “तेच म्हटलं मी अम्मीले.”

चहा आला. मी माझ्या संशोधनाविषयी सांगितले. त्याने विचारपूस केली. निघताना तो दारापर्यंत आला आणि मी डावीकडे आहे हे लक्षात येताच वळसा घालून उजवीकडे आला, निरोप ऐकण्यासाठी.

६

रिसोडहून केनवडमार्गे मेहकर अशी दुपारची एसटी मिळाली. मेहकरहून पुढे पुण्याची. गाडी अर्धी रिकामी होती. मी मधल्या बाकावर, वाटेकडच्या जागेवर बसलो. खिडकीकडची जागा मोकळी राहिली. तिथे बॅग ठेवावी असे मनात आले होते. ठेवली नाही. का ठेवली नाही, हे मला सांगता येणार नाही.

मी इअरफोन काढला आणि फोनला जोडला. उजवे टोक उजव्या कानात घातले. अकोल्याचे मुद्रण लावले नाही. ‘पडीक’चा पहिला अल्बम लावला, पहिल्या गाण्यापासून. बाहेर सोयाबीन काढून झालेली रिकामी शेते होती, स्वच्छ ऊन होते आणि पुढच्या बाकावर दोन बाया साडीच्या रंगावरून वाद घालत होत्या. भीती वाटावी असे काहीही नव्हते. हे मी मुद्दाम लिहीत आहे.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मला मानेशी तार जाणवली.

डावे टोक छातीवर लोंबत असते, ते तिथे नव्हते. तार माझ्या हनुवटीखालून आडवी गेली होती. ती ताठ होती. मी मान न वळवता, फक्त डोळे वळवून पाहिले. टोक रिकाम्या जागेच्या पलीकडच्या अंगाला, खिडकीच्या अलीकडे, हवेत थांबले होते. बसलेल्या माणसाचा लांबचा कान जिथे येईल तिथे. गाडी हलत होती, खिडकीची काच थरथरत होती. टोक माझ्यापेक्षा किंचित उशिरा हलत होते, जसे दुसरे डोके हलते.

खड्डा आला. तार ओढली गेली आणि माझे डोके डावीकडे झुकले. ते कशाला तरी टेकले. केसांना केस लागतात तेवढेच.

मी ओरडलो नाही. मला वाटते, मला रडू येत होते. मी ओठ फारसे न हलवता, त्या जागेशी बोललो. पुण्यातल्या सात वर्षांत जी बोली मी फक्त कागदावर उतरवली होती, तीच तोंडातून आली.

“होतो मी तिथं. पाह्यलं होतं तुले.”

टोक हलले नाही. मला थोडे हलके वाटले. दुकानात जे जमले नाही ते इथे जमले, आणि ऐकणारे कोणी नव्हते.

फोन वाजला, गाणे थांबले. जुनैदचे नाव होते. इअरफोनवर बोलण्याचे धैर्य झाले नाही. मी उजवे टोक कानातून काढले, तार फोनपासून सोडवली आणि फोन उजव्या कानाला लावला.

“सर, आता काय म्हटलं तुमी?”

“मी? काही नाही. मी बसमध्ये आहे.”

“डाव्या कानात आवाज आला,” तो म्हणाला. आवाजात आनंदासारखे काहीतरी होते, ते ऐकवत नव्हते. “दोन वर्सांत पह्यल्यांदा. अम्मीले म्हटलं, कान खुलला माहा. मंग समजलं का तो तुमचा आवाज आहे.”

“काय ऐकू आलं?” मी विचारले. माझी दोन वाक्ये तो परत बोलेल, या तयारीने मी डोळे मिटले.

मग तो बोलला. त्याचा आवाज त्याचाच होता, पण भाषा त्याची नव्हती. प्रत्येक शब्द तो स्वच्छ, पुण्याच्या वळणाने उच्चारत होता, कोणी कानात सांगत जावे आणि आपण तसेच म्हणत जावे, तसे.

“‘कोण आहे कोण जाणे. प्यायलेला असेल. तू लक्ष देऊ नकोस, वैभवी. चल, तिकडे जाऊ.’”

हे मी वर लिहिलेले नाही. मैदानात मी फक्त मान वळवली असे मी लिहिले, ते अपुरे आहे. मान वळवण्याआधी वैभवीने विचारले होते, ‘तो तुला हाक मारतोय का?’ त्यावरचे हे माझे उत्तर आहे. जुनैदने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, हे मला माहीत होते.

“वैभवी कोण आहे सर?” त्याने स्वतःच्या बोलीत विचारले.

मी डोळे उघडले. इअरफोन कशालाही जोडलेला नव्हता. त्याचे उजवे टोक माझ्या मांडीवर पडले होते. डावे खाली आलेले नव्हते.

“जुनैद, ऐक माझं.”

“थांबा,” तो म्हणाला. “तो अजून सांगून राह्यला.”

मी तोंड घट्ट मिटले होते. पुढच्या बाकावरच्या बाया उतरण्यासाठी उठल्या. जुनैद एकेक वाक्य म्हणू लागला. वसतिगृहातल्या खोल्यांमध्ये, कट्ट्यावर, मॅडमच्या घरी चहाच्या वेळी, जिथे जिथे त्याचा विषय निघाला होता आणि जिथे सगळे हसले होते, तिथली माझी वाक्ये, माझ्याच शुद्ध मराठीत. एकही शब्द चुकत नव्हता. मधून मधून तो थांबे, पुढचे ऐके आणि मग बोले.

सहाव्या की सातव्या वाक्याला त्याचा आवाज फुटला, पण तो थांबला नाही. मीही फोन ठेवला नाही. मेहकर अजून वीस किलोमीटर होते.